बायबलवर हात आणि पांदणीचा मुरूम : एका मंडळीच्या मतांचं प्रकरण

७ डिसेंबर २०२२. अर्ज मागं घ्यायची मुदत दुपारी संपली, चिन्हं वाटून झाली आणि त्याच रात्री सरपंचपदाच्या एका उमेदवाराचे दोघं जण गावातल्या चर्चच्या, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या, पाळकांच्या घरी येऊन बसले. यवतमाळ जिल्ह्यातलं हे कापूस-तुरीचं गाव. गावाचं, माणसांचं, मंडळीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. उमेदवारांना त्यांच्या चिन्हांनीच ओळखू. आलेले होते कपबशीवाले. चहा झाला, कापसाच्या भावाचं रडगाणं झालं, मग विषय निघाला.

"पास्टर साहेब, तुमच्या लोकायची मतं आमालेच हायेत, हे आमाले मालूम हाय. फक्त येत्या रविवारी चर्चमंदी सगळ्यायले बायबलवर हात ठेवून एकडाव कबूल करायले लावा. कबरस्तानच्या रस्त्याचं मंग आमच्यावर सोडा."

पैशांचं नाव नाही, कोंबडी-दारूचं नाही. शपथेच्या बदल्यात रस्ता. पाळकांनी कमिटीला विचारून सांगतो म्हणून वेळ मारून नेली.

त्या निवडणुकीत राज्यातल्या साडेसात हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान एकाच दिवशी, १८ डिसेंबरला होतं. सरपंच थेट लोकांतून निवडायचा होता. ही पद्धत २०१७ साली आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. सदस्याला आपला प्रभाग सांभाळला तरी भागतं, थेट सरपंचाला मात्र अख्ख्या गावातून मतं गोळा करावी लागतात. त्यामुळे एरवी कुणी विचारत नसलेल्या तीसेक ख्रिस्ती घरांच्या, शंभराच्या आतल्या मतांना अचानक भाव आला. कपबशीवाल्यांनी गावात दोन मोहल्ल्यांकडून बेलभंडार, म्हणजे बेल-भंडाऱ्यावरची शपथ, आधीच उचलून घेतला होता. ख्रिस्ती लोकांना बेलभंडार चालत नाही तर बायबल घ्या, इतका तो सरळ हिशेब होता. कुणाच्या धर्माचा अपमान करायचं त्यांच्या मनातही नव्हतं. ही माणसं देवाला भिऊन असतात, एकदा बोलली की फिरणार नाहीत, अशी उलट त्यांना खात्री होती. पाळकांना जे बोचलं ते नेमकं हेच.

मत गुप्त असताना शपथ लागते कशाला, असं शहरातला वाचक विचारील. ग्रामपंचायतीत एका प्रभागाला बहुधा एकच केंद्र असतं, आणि मोजणीत त्या केंद्राच्या यंत्राचा आकडा वेगळा निघतो. प्रभागात कुणाची किती घरं, बाहेरगावी कोण, आलं कोण, हे मतदार यादीवर टिकमार्क करून ठेवणारे कार्यकर्ते प्रत्येक पॅनलकडे असतात. मोजणीच्या संध्याकाळी तेच चार जण यादी घेऊन बसतात आणि कुठला मोहल्ला फुटला ते दहा-पाच मतांच्या फरकानं सांगतात. म्हणजे एकट्या माणसाचं मत गुप्त राहतं, मोहल्ल्याचं राहत नाही. शपथ त्या मोहल्ल्याच्या मतासाठी असते, आणि नंतर जाब विचारायचा हक्कही तिच्यातूनच मिळतो.

रस्ता

कपबशीवाल्यांनी बरोबर दुखती नस धरली होती. मंडळीचं कबरस्तान गावाबाहेर, नाल्यापलीकडे, ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमिनीच्या एका तुकड्यावर आहे. तीन पिढ्या तिथं माती दिली जाते, पण गावाच्या कागदावर ती जागा दफनभूमी म्हणून चढलेली नाही. तिकडं जाणारी पांदण उन्हाळ्यात बैलबंडीच्या चाकोरीएवढी असते. पावसाळ्यात तीही उरत नाही. शेवटच्या टप्प्यात ती एका शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खेटून जाते, आणि ते शेत कपबशीवाल्या उमेदवाराच्या सख्ख्या भावाचं.

२०२२ चा पावसाळा विदर्भात अतिवृष्टीचा. त्या जुलैत मंडळीतले एक म्हातारे वारले. दोन दिवस पाऊस उघडायची वाट पाहिली. घरात बर्फाच्या लाद्या आणून ठेवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी भुरभुर चालू असतानाच निघाले. पेटी धरणाऱ्या सहाही जणांनी चपला काढून कमरेला खोचल्या, कारण काळ्या मातीत चपलेसकट पाय वर येत नाही. धुऱ्यावर पेटी एका अंगाला कलली, मागचा डाव्या बाजूचा माणूस गुडघ्यावर बसला आणि पेटीचा कोपरा त्याच्या खांद्यात रुतला. नाल्याला कमरेइतकं पाणी. पाळकांनी बायबल खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलं आणि प्रार्थना अलीकडच्याच काठावर आटपली. पलीकडे पेटी घेऊन गेले तेवढ्याच माणसांनी माती दिली. म्हाताऱ्याची बायको, जिला सगळी मंडळी आजी म्हणते, अलीकडं दोघींच्या आधारानं उभी होती. तिला स्वतःच्या नवऱ्यावर मूठभर माती टाकता आली नाही.

तेव्हा रस्ता हा या मंडळीसाठी 'विकासाचा मुद्दा' वगैरे नव्हता. हे लक्षात न घेता पाळकांच्या नकाराचं कौतुक करणं फार स्वस्त आहे.

राजकारणापासून लांब राहायची सवय

विदर्भात प्रोटेस्टंट मंडळ्या जुन्या आहेत. नागपूरला मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले. पुढं अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे अलायन्स मिशन आणि यवतमाळ भागात फ्री मेथॉडिस्ट पसरले. पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, १९५३ पासून १९८३ पर्यंत यवतमाळलाच होती, आणि आमच्या या गावातल्या जुन्या वडिलांचं, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ कारभाऱ्यांचं, सगळं शिक्षण 'सेमिनरीतून सायकलवर येणाऱ्या' विद्यार्थ्यांकडून झालेलं. त्या शिकवणीत राजकारणाला जागा नव्हती. जग हे जग आणि मंडळी ही मंडळी.

त्याला दुसरंही कारण होतं. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. १९५४ मध्ये त्या सरकारनं न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली, आणि १९५६ च्या अहवालात धर्मांतराच्या कामामागं राजकीय हेतू असल्याचा ठपका आला. अहवाल गावात कुणी वाचला नसेल. पण 'आपण एकत्र दिसलो की लोकांना त्यात डाव दिसतो' ही भीती वाचल्याशिवायही मुरते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती ०.९६ टक्के, आणि त्यातले बहुतेक मुंबई-वसई-पुण्याकडचे. यवतमाळच्या एका खेड्यातली तीस घरं म्हणजे हिशेबातच नाहीत. म्हणून या मंडळीत मतदानावर उघड बोलायचं नाही आणि आतून ज्यानं त्यानं आपापल्या ओळखीच्या पुढाऱ्याकडं जायचं, असं चाललेलं. २०२२ पर्यंत ते खपून गेलं.

कमिटी

दोन दिवसांनी पंचकमिटी बसली. आजी कमिटीवर नव्हत्या, पण महिला मंडळाच्या म्हणून त्यांना बोलावलं होतं.

निवृत्त मुख्याध्यापक, मंडळीचे वडील, यांना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांचं म्हणणं प्रस्ताव घ्यावा. माणूस बायबल पाठ असलेला, त्यामुळे मुद्दे नीट मांडले. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितलंय. यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलं की ज्या नगरात तुम्हाला नेलं त्या नगराचं हित पाहा, कारण त्याच्या हितात तुमचं हित. मग गावाच्या होणाऱ्या सरपंचाशी जुळवून घेण्यात पाप कुठलं? आणि शेवटी त्यांनी व्यवहाराचं बोट ठेवलं. "मतं तं आपुन देऊनच रायलो दर साली. फुकट देतो. आता देनार त्याचा रस्ता भेटते, तं नाई म्हनाचं काऊन?"

यावर थोडा वेळ कुणाला बोलता आलं नाही, कारण यातलं शेवटचं खरंच होतं.

मग आजी बोलल्या. त्यांना अध्याय-वचन सांगता येत नाही, अक्षरओळख प्रौढ शिक्षणातली. "गुर्जी, मी अडानी हाय. पन येशूनंच सांगतलं ना, शपथ घ्याचीच नाई म्हनून? मंग त्याच्याच पुस्तकावर हात ठेवून त्याच्याच शब्दाबाहेर कसं जाचं? मले रस्ता पायजे. माह्याएवढा कोनाले नसंल पायजे. पन असा नाई पायजे."

मत्तयाचा पाचवा अध्याय. 'शपथ वाहूच नका', आणि पुढं 'होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे'. याकोबाच्या पत्रातही तेच. या वचनावरून सोळाव्या शतकात युरोपातल्या ॲनाबॅप्टिस्टांनी राज्याच्या शपथा घ्यायचं नाकारलं आणि त्यापायी छळ सोसला. क्वेकर लोकांनी इंग्लंडात तुरुंग पाहिला. बाकीच्या बहुतेक ख्रिस्ती परंपरांनी इतका कडक अर्थ घेतला नाही; कोर्टातली शपथ त्यांना चालते. आपल्या राज्यघटनेनंही आमदार-खासदाराला ईश्वरसाक्ष शपथ किंवा नुसतं गांभीर्यपूर्वक कथन असे दोन्ही रस्ते ठेवलेत. आजींना यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. पण मुद्दा त्यांनी धरला तो पक्का होता.

गुरुजी हुशार. ते म्हणाले, ठीक, शपथ नको, कमिटीच्या वहीत सह्या घेऊ. पाळकांनी तिथं पहिल्यांदा तोंड उघडलं: सही घेतली काय आणि हात ठेवला काय, ज्यानं मंडळीच्या नावानं कबूल केलं तो उद्या मत बदलायला मोकळा राहत नाही, आणि बदललं तर प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, बसताना त्याच्या मनात काय असेल? त्यांनी हेरोद राजाचं उदाहरण दिलं. मेजवानीत पोरीला 'मागशील ते देईन' अशी शपथ देऊन बसला, तिनं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं मागितलं, आणि त्याला मारायचं मनात नसताना केवळ पाहुण्यांसमोर घेतलेल्या शपथेपायी त्याचं डोकं उडवलं. सत्तेच्या जागी बसलेला माणूस एका शपथेत अडकला की काय होतं, याची बायबलातली याहून नेमकी गोष्ट मला तरी माहीत नाही.

गुरुजींच्या रोमकरांबद्दल मला जरा बोलायचंय, कारण हे तेरावं प्रकरण आपल्याकडे फार सैल हातानं वापरलं जातं. पौलानं ज्यांना लिहिलं त्यांना मत नव्हतं. रोमचा सम्राट त्यांना न विचारता आला आणि न विचारता गेला. त्यांच्या हातात होतं ते कर भरणं, दंगा न करणं आणि प्रार्थना. १९५० नंतरच्या भारतात खेड्यातली आजीसुद्धा त्या 'वरिष्ठ अधिकाऱ्या'ला नेमणाऱ्यांपैकी एक आहे. मग अधीन कुणी कुणाच्या राहायचं? उमेदवार तर अजून अधिकारी झालेलाच नाही, तो नोकरी मागायला आलाय. नाण्याच्या प्रसंगाचंही तसंच. कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर द्यावा का, असं विचारल्यावर येशू म्हणाला: 'कैसराचे ते कैसराला व देवाचे ते देवाला भरून द्या.' मत हे कैसराचं नाणं आहे असं मी समजतो. ते कैसराच्या पेटीत टाकायचं, नीट विचार करून टाकायचं, पण देवाच्या दानपेटीतून फिरवून आणायचं नाही.

यिर्मयाचा मुद्दा मात्र गुरुजींचा बिनतोड होता आणि कमिटीनं तो तसाच सोडून दिला. नगराचं हित पाहा म्हणजे सगळ्या नगराचं. नाल्यापलीकडे फक्त कबरस्तान नाही, वीस-बावीस शेतकऱ्यांची शेतं आहेत आणि त्यांच्या बंड्या त्याच चिखलात फसतात. त्या रात्री हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दाखले

बैठकीत तरुण संघाचा एक पोरगा शेवटपर्यंत गप्प होता. सगळे उठल्यावर त्यानं पाळकांना बाजूला घेतलं. आदल्या दिवशी छत्रीवाल्या उमेदवाराचा पुतण्या त्याला पानठेल्यावर भेटला होता आणि हसत हसत म्हणाला होता, "रविवारी कोन कोन बायबलवर हात ठेवते, आमी लिहून ठेवतो. दाखले कायचे हायेत थे बी पाहू मंग."

बाहेरच्याला या वाक्याची धार कळायची नाही. दाखले म्हणजे जातीचे, आरक्षण त्यांच्यावर मिळतं. या मंडळीतली बहुतेक घरं मूळची त्याच जातीतली, ज्या जातीच्या शेजाऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध धम्म घेतला. एकाच आजोबाची नातवंडं, काही विहारात जातात, काही चर्चमध्ये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये सरसकट शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्याला महाराष्ट्रात ओबीसी धरतात. आदिवासींना ही अडचण नाही, कारण अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. गोंड माणूस ख्रिस्ती झाला तरी दाखला तोच राहतो. पण या मंडळीतल्या काही घरांत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नोंद, नातवाच्या कॉलेजच्या फॉर्मवर दुसरी, आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तिसरी आहे. कुणी ठरवून केलं, कुणाचं मास्तरानं लिहिलं तसंच राहिलं. त्यांना खोटारडे म्हणून मोकळं होणाऱ्यानं आधी हे सांगावं की, एकाच विहिरीवर मज्जाव झालेल्या दोन भावांपैकी एकाची अस्पृश्यता धर्म बदलल्यावर सरकारदरबारी संपली कशी.

तर चर्चमध्ये सगळ्यांदेखत शपथ म्हणजे मतांचा गठ्ठा बांधणं, आणि त्याच वेळी कोण ख्रिस्ती आहे याची यादी गावाच्या हातात देणं. गुरुजींच्या हिशेबात हा खर्च धरलाच नव्हता. त्यांची मुलं शिक्षक आणि परिचारिका होऊन केव्हाच शहरात गेली. त्यांना दाखल्याची भीती उरलेली नाही. पाळकांनी पोराचं नाव न घेता एवढंच गुरुजींना जाऊन सांगितलं. गुरुजी बराच वेळ अंगणात खुर्चीवर बसून राहिले आणि सह्यांच्या वहीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

कायदा काय म्हणतो

पाळकांनी यवतमाळच्या एका वकिलाला फोन केला होता, पण निर्णय झाल्यावर. त्यामुळे कायदा इथं कारण नव्हता, आधार होता. तरी सांगायला हवा, कारण पुष्कळ पाळकांना तो माहीत नसतो.

धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार देवळाची, मशिदीची, चर्चची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही, आणि राजकीय कामात स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचा प्रचारही येतो. शिक्षा व्यवस्थापकाला, म्हणजे इथं पाळक आणि कमिटीला, आणि त्यात सामील असलेल्यांनाही. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उमेदवार चहा पिऊन निघून जातो, पहिला अडकतो तो पाळक. दुसरं, मतदाराला देवाच्या कोपाची किंवा धार्मिक शिक्षेची भीती घालणं हा निवडणुकीतला गैरवाजवी दबाव आहे. ही तरतूद १९२० पासून भारतीय दंड संहितेत होती आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये आहे. बायबलवर हात ठेवून 'फिरलो तर प्रभू बघून घेईल' म्हणायला लावणं त्यात बसतं. बेलभंडारही बसतो, तो कुणी पोलिसांत नेत नाही ही गोष्ट वेगळी. लोकसभा-विधानसभेसाठी निवडणुकीतल्या भ्रष्ट मार्गांबद्दलचं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ आहे. अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन मतांनी, मतदाराच्या धर्माच्या नावानं मागितलेलं मतही त्यात धरलं. त्या निकालात अल्पमतातल्या तिघांची काळजी अशी होती की, वंचित समूहांना आपल्या गाऱ्हाण्यांवर निवडणुकीत बोलायलाच बंदी होऊ नये. आमच्या गावच्या प्रकरणात ही काळजी मला बहुमताइतकीच महत्त्वाची वाटते. चिखलातून पेटी नेणं हे ख्रिस्ती म्हणून सोसलेलं गाऱ्हाणं आहे, आणि ते मतदानाच्या आधी बोलायचं नाही तर केव्हा बोलायचं?

काय केलं

केलं ते साधं होतं. एका कागदावर तीन मागण्या लिहिल्या: पांदणीवर मुरूम-खडी, नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा फरशी-पूल, आणि कबरस्तानाची जागा दफनभूमी म्हणून कागदावर चढवण्याचा ठराव. खाली मंडळीचं नाव नाही, रहिवाशांच्या सह्या. कागद तिन्ही सरपंच-उमेदवारांना दिला आणि शाळेपुढच्या कडुनिंबाखाली तिघांनाही बोलावलं. चर्चच्या आवारात बोलावलं नाही. मागितलेलं काही कुणाच्या खिशातलं नव्हतं. पाणंद रस्त्यांसाठी राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ मध्येच आली होती, तेव्हा रोजगार हमीतून काम व्हायचं. दफनभूमीच्या कामाला जनसुविधेचा निधी मिळतो. ग्रामपंचायतीनं ठराव करून प्रस्ताव पाठवायचा असतो. म्हणजे कपबशीवाला शपथेच्या बदल्यात जे देणार होता, ते गावाचंच होतं. या प्रकरणातली मला सर्वांत पटलेली गोष्ट हा कागद. तो दहा वर्षांपूर्वी का निघाला नाही, हे विचारलं तर मात्र कमिटी एकमेकांकडं बघते.

छत्रीवाला आला, 'करतो' म्हणाला. तिसरा एक नवखा उमेदवार आला. त्यानं योजनेचं नाव विचारून हातावर लिहून घेतलं. कपबशीवाला आला नाही. त्याचा निरोप आला: "कागद नको, शब्द पायजे होता."

११ तारखेच्या रविवारी पाळकांनी हेरोदावरच उपदेश केला. निवडणुकीचा 'नि'सुद्धा काढला नाही, आणि मागच्या बाकावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांना काय ते कळलं. १८ तारीखही रविवारच, नाताळापूर्वीचा. मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. सकाळची उपासना झाली की लोक चर्चमधून थेट रांगेत जातील आणि पाळकांनी हाकलत आणले असं कुणी म्हणेल, म्हणून त्यांनी उपासना संध्याकाळी सहावर नेली. हा निर्णय मला अर्धाच पटतो. उपासनेची वेळ बदलल्याचं त्यांनी सांगितलं, कारण सांगितलं नाही. तीन-चार म्हाताऱ्यांनी अर्थ काढला की चर्चनं यंदा मत द्यायलाच नको म्हटलंय, आणि त्या घरी बसल्या. दुपारी चारला आजींना हे कळलं, तेव्हा त्या स्वतः काठी टेकत घरोघर गेल्या आणि त्यांना केंद्रावर घेऊन आल्या. 'कुणाला द्या' हे पाळकांनी सांगायचं नाही, हे ठीक. पण 'द्या' एवढं सांगायला कुठल्याच कायद्याची किंवा वचनाची हरकत नव्हती.

२० तारखेला तहसीलला मोजणी झाली. कपबशीवालाच निवडून आला, थोडक्या मतांनी. संध्याकाळी याद्या उघडल्या गेल्या आणि ख्रिस्ती घरांची मतं तिघांत वाटली गेल्याचं निघालं. नवख्याला त्यातली बरीच. कपबशीवाल्यांच्या लेखी हा दगा होता, छत्रीवाल्यांच्या लेखीही. कुणाचाच गठ्ठा न झालेला मोहल्ला दोन्ही पॅनलांना सारखाच परका वाटतो, हे पाळकांनी आधी धरलेलं नव्हतं. नाताळ पाच दिवसांवर. दर वर्षी सरपंच केक कापायला यायचा, या वर्षी नवा सरपंच फिरकला नाही. छत्रीवाला हरलेला असूनही मिठाईचा डबा घेऊन आला. त्याला पहिल्या ओळीत खुर्ची दिली, माईक दिला नाही.

नंतर

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत महिला मंडळाच्या बायका कागद घेऊन गेल्या. त्यांच्याबरोबर नाल्यापलीकडच्या काही शेतकऱ्यांच्या बायकाही होत्या. बंड्या फसण्याचं गाऱ्हाणं त्यांचंच, आणि त्यांना कुणी बोलवायची गरज पडली नाही. ठराव झाला. सरपंच विरोध करू शकला नाही, कारण मागणी एकट्या ख्रिश्चनांची राहिलीच नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात पांदणीवर मुरूम पडला. सरपंचाच्या भावाच्या शेताच्या तोंडापर्यंत पडला आणि थांबला. तिथून नाल्यापर्यंतचा तुकडा तसाच आहे. गावनकाशात पांदण सरळ नाल्याला भिडते, जागेवर मात्र धुरा सरकत सरकत तिच्यात आलाय. भाऊ म्हणतो मोजणी आणा.

गुरुजींना मी विचारलं, आता काय वाटतं? ते आपल्या जागेवरून हललेले नाहीत. शपथ नको होती हे त्यांना मान्य आहे, पोरांच्या दाखल्यांचंही मान्य आहे. पण शब्द दिला असता तर भावानं धुरा मागं घेतला असता, असं त्यांचं ठाम मत आहे. "आपलं मन साफ रायलं, पन पेटी पुन्हा चिखलातूनच जाईन." हे खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. सरपंचाच्या मनात असतं तर तो तुकडा झाला असता, हे उघड आहे. फक्त मग ते काम दर पाच वर्षांनी पुन्हा विकत घ्यावं लागलं असतं, आणि किंमत ठरवणारा तोच राहिला असता.

सध्या मोजणीचा आणि अतिक्रमण काढण्याचा अर्ज तहसीलमध्ये आहे. अर्ज गुरुजींनीच लिहिला, त्यांच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. मोजणीच्या फीवरून कमिटीत पुन्हा वाद झाला. गुरुजी म्हणाले कबरस्तान मंडळीचं, तर फी दानार्पणातून भरा. पाळक म्हणाले रस्ता गावाचा आहे, दानपेटीला हात लावायचा नाही. शेवटी पांदणीवर ज्यांचं जाणं-येणं आहे त्या सगळ्या घरांनी वर्गणी काढली. ख्रिस्ती घरांनी दिली, शेतकऱ्यांनीही दिली. एका शेतकऱ्याचे पैसे अजून यायचे आहेत.